तो वेळ आणि ती वेळ

मराठी भाषेंत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो, आणि दोन्ही लिंगांत त्याचा अर्थ एक नाहीं. 'माझा वेळ गेला' असें आपण म्हणतों तेव्हां तो वेळ पुल्लिंगी असतो. तो मोजतां येतो, वांटतां येतो, वांचवितां येतो, फुकट दवडतां येतो. 'वेळ आली' असें म्हणतों तेव्हां ती स्त्रीलिंगी असते; ती मोजण्याची वस्तु नव्हे. ती ओळखावी लागते, साधावी लागते, आणि एकदां टळली म्हणजे त्याच रूपानें पुन्हां येत नाहीं. 'पेरणीची वेळ झाली' असें शेतकरी म्हणतो. त्याच्यापाशीं वेळ किती उरला आहे हा अगदीं निराळा प्रश्न होय. व्याकरणकार याला लिंगभेदानें होणारा अर्थभेद म्हणतील आणि पुढें जातील. परंतु मनुष्यानें आपले दिवस कसे घालवावे या प्रश्नाचें निमें उत्तर या भेदांत सांठविलेलें आहे असें आम्हांस वाटतें. आणि ख्रिस्ती धर्मविचारानें या प्रश्नाकडे कसें पाहिलें हें तपासूं लागलें म्हणजे ही समजूत अधिकच दृढ होते.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तींत काळवाचक दोन शब्द वारंवार येतात. 'ख्रोनोस' म्हणजे लोटणारा, मापतां येणारा काळ. 'कैरोस' म्हणजे नेमकी वेळ, संधि, प्रसंग. ग्रीक लेखक हा भेद सर्वत्र कसोशीनें पाळतातच असें नाहीं. तथापि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत, दिवस वाईट आहेत म्हणून वेळ साधण्याविषयीं जो प्रसिद्ध उपदेश आहे, त्यांतला शब्द 'कैरोस' हाच आहे. त्याला जोडलेलें क्रियापद बाजारांतलें आहे. त्याचा अर्थ विकत घेणें, मोल देऊन सोडविणें असा होतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्तानें मनुष्यांस नियमशास्त्राच्या शापांतून सोडविलें हें सांगतांना हेंच क्रियापद योजिलें आहे. तेव्हां या उपदेशाचा सरळ अर्थ 'मिनिटें वांचवा' असा होत नाहीं. सावकाराकडे गहाण पडलेला दागिना घरधनी मोल देऊन सोडवून आणतो, त्याप्रमाणें वाईट दिवसांच्या हातीं सांपडलेली वेळ सोडवून आणावी, असा त्याचा भाव आहे. आणि सोडवून आणलेला दागिना कांहीं पेटींत ठेवण्याकरितां नसतो. तो अंगावर घालण्याकरितां असतो.

इतिहासांत मात्र या उपदेशाचें निराळेंच झालें. तें कसें झालें हें समजण्यासाठीं घड्याळाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटका व आठ प्रहर. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें घटिकापात्र पाण्यावर सोडावें आणि तें बुडालें म्हणजे घटका भरली म्हणावें, असा क्रम होता. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तास धरीत. अर्थात् त्यांचा तास उन्हाळ्यांत लांब व हिंवाळ्यांत आंखूड असे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टानें इटलींतील आपल्या मठासाठीं जी नियमावली लिहिली, तींत याच तासांवर दिवसाच्या सात व रात्रीची एक अशा प्रार्थना बसविलेल्या आहेत. प्रार्थनेची खूण ऐकूं येतांच संन्याशानें हातांतलें काम, मग तें कोणतेंही असो, आहे तसें टाकून निघावें असा त्याचा दंडक आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ही खूण अधिक काम उरकण्यासाठीं नव्हती. कामाचा मनुष्यावर जो ताबा बसतो तो दिवसांतून कित्येक वेळां तोडण्यासाठीं होती. त्याच नियमावलींत मठांतील सर्व भांडीं व हत्यारें वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें मानावीं असेंही सांगितलें आहे. कामाची अप्रतिष्ठा तेथें नाहीं. प्रतिष्ठा आहे, परंतु मालकी नाहीं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत यंत्राचें घड्याळ आलें, आणि चौदाव्या शतकांत तें शहरोशहरीं मनोऱ्यांवर चढलें. तास आतां बारा महिने सारखा झाला. मजुरी तासावर मोजतां येऊं लागली. जी घंटा काम थांबविण्यासाठीं वाजत असे ती काम सुरू करण्यासाठीं वाजूं लागली. १६७३ सालीं रिचर्ड बॅक्स्टर या इंग्रज प्यूरिटन धर्मोपदेशकानें ख्रिस्ती आचरणावर आपला विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत वेळ दवडणें हें मोठें पाप म्हणून गणिलें आहे. १७४८ सालीं अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन यानें एका तरुण व्यापाऱ्यास उपदेश करतांना वेळ म्हणजेच पैसा हें समीकरण मांडलें. त्यांत आतां देवाचें कारण उरलें नव्हतें, हिशेब तेवढा उरला होता. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानें १९०४-०५ सालीं लिहिलेल्या आपल्या विख्यात प्रबंधांत या दोन टोकांमधला धागा दाखविला आहे. त्याच्या सिद्धांताविषयीं विद्वानांत वाद आहेत. परंतु 'ती वेळ' सोडवा असा उपदेश ज्या धर्मानें केला, त्याच्याच घरांत 'तो वेळ' मोजणारा हिशेबनीस वाढला, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं.

हिशेब वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधांत आळसाची जी निर्भर्त्सना केली आहे ती कोणत्याही प्यूरिटनास मान्य व्हावी अशी आहे. विद्यार्थ्यानें, वैद्यानें, न्यायाधीशानें वेळेचा हिशेब न ठेवणें म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशीं खेळणें होय. परंतु नुसत्या हिशेबाचा एक दोष आहे. हिशेबी मनुष्याला जगांतील माणसें दोन वर्गांत विभागलेलीं दिसूं लागतात: कामाचीं व खोळंबा करणारीं. म्हातारी आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगूं लागते, मूल अर्थशून्य प्रश्न विचारतें, शेजारी दारांत उभा राहून हवापाण्याचें बोलतो. हीं सर्व त्याच्या वहींत खर्चाच्या बाजूला पडतात. आयुष्याच्या शेवटीं ही वही उघडली तर असें आढळेल कीं, ज्या गोष्टींसाठीं मनुष्य जगतो त्या बहुतेक सर्व खर्चाच्याच बाजूला लिहिल्या गेल्या आहेत.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत या दोषावर नेमकें बोट ठेवणारा प्रसंग आहे. याईर नांवाचा सभास्थानाचा एक अधिकारी येशूच्या पायां पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारीं आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेंत गर्दींतून एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. ती बारा वर्षें रक्तस्रावानें पिडलेली आहे. वैद्यांपायीं होतें नव्हतें तें सर्व घालवून बसलेली आहे. ती बरी होते, आणि येथें गोष्ट पुढें जावयास हरकत नव्हती. परंतु येशू थांबतो आणि मला कोणीं हात लावला म्हणून विचारतो. एवढ्या रेटारेटींत हा काय प्रश्न, असें शिष्यांस वाटतें. बाई भीत भीत पुढें येते आणि आपली सगळी हकीकत सांगते. बारा वर्षांची हकीकत दोन शब्दांत होत नसते. ती चाललेली असतांनाच घरून निरोप येतो कीं मुलगी गेली.

आपल्याला या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे म्हणून आपण ती स्वस्थपणें वाचतों. याईराला तो ठाऊक नव्हता. त्या बाईचा एकेक शब्द त्याच्या काळजावर कसा पडत असेल याचा विचार केला म्हणजे या प्रसंगाची धार लागते. तरी त्यांतून कोणी असा नियम काढूं नये कीं, वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकासाठीं थांबावें, शेवट गोडच होईल. एका रोग्यापाशीं थांबलेल्या वैद्याचा दुसरा रोगी खरोखरच दगावतो, आणि त्याला उठविण्याची शक्ति वैद्याच्या हातीं नसते. शुभवर्तमान येथें नियम देत नाहीं, दृष्टि देतें. जिच्यामुळें खोळंबा झाला ती स्वतः खोळंबा नव्हती, ही ती दृष्टि होय. तिलाही बारा वर्षांचें एक आयुष्य होतें, आणि तिची वेळ आली होती. प्रसंगाचा शेवटही पाहण्याजोगा आहे. मुलगी उठून चालूं लागते, पाहणारे थक्क होतात, आणि येशू सांगतो कीं हिला कांहीं खावयास द्या. एवढ्या अद्भुतानंतर त्याला भूक आठवली.

हें आठवणें आकस्मिक नव्हे. लूकाच्या म्हणण्याप्रमाणें येशूनें आपल्या कार्यास आरंभ केला तेव्हां तो सुमारें तीस वर्षांचा होता. आणि तें कार्य साधारणपणें तीन वर्षें चाललें असें परंपरा मानते. त्यापूर्वींच्या तीस वर्षांतून जन्माच्या वेळच्या कथा आणि बाराव्या वर्षींची यरुशलेमची एक यात्रा वगळली, तर शुभवर्तमानकारांनीं कांहींच लिहून ठेवलेलें नाहीं. नासरेथ गांव, सुताराचा धंदा, आई, भावंडें, एवढेंच आपल्याला कळतें. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें जर प्रत्यक्ष देवानें मनुष्यदेह धारण केला असेल, तर त्या देहाचीं दहापैकीं नऊ वर्षें लांकूड तासण्यांत, पाणी आणण्यांत, जेवण्यांत व झोंपण्यांत गेलीं असें म्हणावें लागतें. हीं वर्षें फुकट गेलीं असें म्हणण्याचें धैर्य कोणा ख्रिस्ती मनुष्यास होणार नाहीं; आणि तीं फुकट गेलीं नसतील, तर आपल्या घरांतील तसल्याच वर्षांविषयीं तक्रार करण्याचा अधिकार त्याला उरत नाहीं. रोजच्या क्षणांचें मोल ख्रिस्ती विचारांत येथून निघतें, उपदेशाच्या एखाद्या सुभाषितांतून निघत नाहीं.

हें मोल प्रत्यक्ष आचरणांत आणून दाखविणारा एक मनुष्य सतराव्या शतकांत पॅरिसमध्यें होऊन गेला. निकोला एर्मां हा लोरेन प्रांतांतला. सैन्यांत जखमी होऊन पायानें अधू झालेला. १६४० सालीं तो कार्मेल संप्रदायाच्या मठांत शिरला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. विद्या नसल्यामुळें त्याला स्वयंपाकघर मिळालें, आणि स्वयंपाकाचा त्याला मुळांत कंटाळा. सुमारें पंधरा वर्षें त्यानें तें काम केलें. भांड्यांच्या खडखडाटांत, चार जण चार वस्तु एकदम मागत असतां, प्रार्थनामंदिरांत गुडघे टेकल्यावर लाभावी तितकीच शांति आपल्याला लाभते, असें तो सांगे. एकदां मठासाठीं द्राक्षमद्य विकत घेण्यास त्याला बर्गंडीला धाडलें. अधू पायामुळें नावेवर चालतां येईना, तेव्हां पिंपांवरून गडगडत तो इकडून तिकडे जाई. व्यवहार आपल्याला कळत नाहीं हें त्याला ठाऊक होतें. काम देवाचें आहे, तो पाहून घेईल, असें म्हणून तो गेला आणि काम नीट करून आला. १६९१ सालीं तो वारला, आणि त्याचीं पत्रें व संभाषणें त्याच्यामागें छापलीं गेलीं.

त्याच्या साधनेंत एक बारकावा आहे. काम करीत असतां मन दुसरीकडे, उंच कोठें तरी, न्यावें असें तो सांगत नाहीं. तव्यावरची वस्तु देवाच्या प्रीतीसाठीं परतावी, म्हणजे ती नीटच परतली जाते, असें त्याचें म्हणणें आहे. संत ऑगस्टीनानें इसवी सनाच्या ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाबां'च्या अकराव्या भागांत काळाचा जो विचार केला आहे, तो या बारकाव्याला तात्त्विक आधार देतो. तो म्हणतो, भूतकाळ नाहींसा झाला, भविष्यकाळ अजून नाहीं, आणि वर्तमानाला लांबीच नाहीं. मग आपण मोजतों तें काय? त्याचें उत्तर असें कीं, काळ आपण मनांत मोजतों: गेलेल्याची आठवण, चाललेल्यावरचें लक्ष, येणाऱ्याची अपेक्षा. पाठ असलेलें स्तोत्र म्हणूं लागलें म्हणजे अपेक्षेंत असलेला एकेक शब्द लक्षांतून जाऊन आठवणींत पडतो. आणि एका स्तोत्राचें जें होतें तेंच सबंध आयुष्याचें होतें. परंतु मन या तिहींवर ताणलें जाऊन विखुरतें, ही ऑगस्टीनाची व्यथा आहे. आज प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आला असून, मनुष्याचें लक्ष हाच ज्याचा माल असा मोठा व्यापार जगभर चालतो. अशा काळांत सोळाशें वर्षांपूर्वींची ती व्यथा अधिक सहज समजते. ज्याचें लक्ष विकलें गेलें त्याच्यापाशीं तास पुष्कळ असूनही वेळ एकही नसते.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. रोजच्या क्षणांची गोडी चाखा हा उपदेश ज्याला क्षण स्वतःचे आहेत त्याला शोभतो. ज्याचा दिवसच दुसऱ्यानें विकत घेतला आहे त्याला तो सांगणें ही क्रूर थट्टा नव्हे काय? मुंबईच्या गिरण्यांत गेल्याच्या गेल्या शतकांत कामकरी उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत, आणि त्यांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ती मागितली. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीचें तत्त्व पक्कें झालें. सत्यशोधकांनीं मिळविलेला हा रविवार ख्रिस्ती लोकांचा प्रभूचा वार आहे, आणि मराठी कामकऱ्यांच्या खंडोबाचाही तोच वार आहे. शब्बाथाची जी आज्ञा ख्रिस्ती धर्मानें यहूदी धर्माकडून घेतली, तिचा खरा अर्थ या लढ्यांत अनेक प्रवचनांपेक्षां स्पष्ट दिसतो. अनुवादाच्या पुस्तकांत त्या आज्ञेला कारण दिलें आहे तें असें कीं, तुम्ही मिसर देशांत गुलाम होतां. म्हणून तुमच्या दासदासींना, गुरांना, वेशींतल्या परक्यालाही विसांवा मिळाला पाहिजे. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवूं नये हेंही त्याच धर्मशास्त्रांत आहे.

तेव्हां आक्षेपाचें उत्तर असें. वेळेची कदर हा केवळ आपल्या मनाचा संस्कार नव्हे. ती न्यायाची बाब आहे. दुसऱ्याचा तास हा त्याच्या आयुष्याचा तुकडा आहे, आणि तो फुकट घेणें ही चोरी आहे. घरांत एकाला निवांत चिंतनाची वेळ मिळावी म्हणून दुसरी व्यक्ति, बहुधा स्त्री, चुलीपाशीं अडकून पडत असेल, तर त्या चिंतनाचें मोल कोणी दिलें याचा विचार चिंतन करणाऱ्यानें केला पाहिजे. लूकानें सांगितलेल्या गोष्टींत मार्था एकटी राबते आणि मरीया पायांशीं बसून ऐकते. येशू मरीयेची बाजू घेतो खरा, परंतु मार्थेनें राबतच राहावें असें तो म्हणत नाहीं. तिच्या कामाबद्दल त्याची तक्रार नाहीं. तिच्या मागें लागलेल्या अनेक काळज्यांबद्दल आहे.

काळजी हा शब्द आला म्हणजे शुभवर्तमानांतील एक प्रसिद्ध विरोध पुढें येतो. डोंगरावरील प्रवचनांत रानांतल्या फुलांकडे बोट दाखवून उद्यांची चिंता करूं नका असें सांगितलें आहे. आणि त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानांत तालांतांचा दृष्टांत आहे, ज्यांत धनी परत येऊन चाकरांकडून पैचा हिशेब घेतो. एकीकडे निश्चिंतपणा, दुसरीकडे झडती. यांतलें खरें कोणतें? एक तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि एक दिनार ही एका मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एका तालांतांत सहा हजार दिवस मावतात. तिसऱ्या चाकरानें हे दिवस जमिनींत पुरून ठेवले. कां? तो आळशी होता म्हणून नव्हे, असें तो स्वतः सांगतो. धनी कठोर आहे असें समजून तो भ्याला. धन्यानें त्याला आळशी म्हटलें, परंतु त्या आळसाचें मूळ भीतींत होतें. दोन्ही शिकवणुकींचा शत्रु एकच ठरतो. जो उद्यांला भितो तो आजचा दिवस सांठवून ठेवूं पाहतो, आणि सांठविलेला दिवस अरण्यांतल्या मान्न्याप्रमाणें रात्रींत नासतो. ज्याची भीति गेली तोच दिवस खर्च करूं शकतो. प्रभूच्या प्रार्थनेंत मागणें आहे तें आजच्या भाकरीपुरतें, याचें कारणही हेंच.

मराठी वाङ्मयांत या वृत्तीचा उत्तम पुरावा कोणी मागितला तर आम्ही धर्मशास्त्राच्या ग्रंथाकडे बोट दाखविणार नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे दाखवूं. १९३४ पासून हें पुस्तक भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलें. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचा विलक्षण स्वभाव, स्वयंपाकघरांतल्या फजित्या, परकीं मुलें घरांत आणून वाढविणें, असल्या गोष्टींनीं तें भरलेलें आहे. हिशेबाच्या वहींत यांतली एकही नोंद जमेच्या बाजूला पडली नसती. लेखिकेनें आपल्या आयुष्यावर देवाची मालकी मानली होती, आणि म्हणूनच कीं काय, त्या आयुष्यावर तिला हंसतां येत होतें. रेव्हरंड टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूनें अपुरें राहिलें. तेंही तिनेंच पुढें नेलें. बेनेडिक्टाचा संन्यासी घंटा ऐकून काम अर्धें टाकी, तसें मरणही काम अर्धेंच टाकावयास लावतें. परंतु अर्धें टाकलेलें काम कोणी तरी उचलतें. आपला वेळ संपला तरी कामाची वेळ संपत नाहीं, हें ज्याला उमजलें त्याची घाई पुष्कळ कमी होते.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली तेव्हां तेथील चर्चांच्या घंटा मराठे घेऊन आले. त्यांतल्या कांहीं आजही नाशिकास नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरीं, आणि वाईजवळ मेणवलीस टांगलेल्या आहेत. ती युद्धांतली लूट होती, आणि तिच्यावर गोड रूपक चढविण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु एक फरक सहज नजरेस येतो. चर्चची घंटा दुसरा कोणी वाजवितो आणि ती ठराविक तासाला सर्व गांवाला हांक मारते. देवळांत घंटा ज्याची तो वाजवितो. किती वाजले याच्याशीं तिला कर्तव्य नसतें, 'मी आलों आहें' एवढेंच ती सांगते. मनुष्याला दोन्ही लागतात. आपण कामांत पार बुडून गेलों असतां बाहेरून हांक मारणारें कोणी तरी असावें लागतें. आणि हांक ऐकून आल्यावर, जेथें आलों तेथें मनासकट हजर व्हावें लागतें. पहिल्यावांचून दिवसाला आकार येत नाहीं, दुसऱ्यावांचून त्यांत जीव येत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांची श्रद्धा निराळी आहे त्यांनाही हें पटण्यास अडचण पडूं नये. आज संध्याकाळीं घरीं कोणी तेंच तें बोलूं लागलें, तर तो वेळ कोणाचा आणि ती वेळ कोणाची, एवढें एकदां मनाशीं विचारून पाहावें. मग ऐकावयाचें कीं उठावयाचें हें ज्याचें त्याला ठरवितां येईल.